तिरगरसाहेबाचं शिसं आणि मुबारकबी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर नदी आहे. प्रवरा. फाल्गुन सरत आलेला, म्हणून अंग चोरून, खडकांच्या कडेकडेनं वाहणारी. पलीकडच्या काठाला उसाची हिरवी पट्टी. अलीकडे दगडपिंपरी, बेलापूरच्या बाजाराला सकाळी गाडी जुंपली तर ऊन तापायच्या आत पोचवणारं गाव. डाव्या अंगाला एक काळी टेकडी, तिच्यावर कुसळसुद्धा उगवत नाही. टेकडीच्या पायथ्याशी जमिनीत उतरत गेलेलं एक भगदाड, आणि त्याच्या तोंडाशी लिंबाखाली अक्षरं पुसलेलं एक थडगं. मध्यभागी, जिथं सगळा उजेड पडायला हवा तिथं, जमिनीत खणलेली छोटीशी भट्टी. भट्टीवर तांब्याचं पातेलं, पातेल्यापुढे कादर कल्हईवाला, आणि त्याच्या पाठीशी भात्याचा दांडा वरखाली करणारी त्याची बायको.

भोवती जमलेल्या बायका कादरच्या हाताकडे बघतात. तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकते, कापसाचा बोळा फिरतो आणि लाल पातेलं आतून चांदीसारखं होतं. बायका "अगं बया!" म्हणतात. भात्याकडे कुणी बघत नाही. गोष्ट मात्र त्या भात्यावरच्या बाईची आहे. तिचं नाव मुबारकबी.

आधी त्या भगदाडाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथून निघालं. मनमाडची रेल्वे या मुलखात यायच्याही आधी एक गोरा माणूस घोड्यावरून दगडपिंपरीला आला. त्याचं नाव ट्रेगिअर की असंच काहीतरी होतं. गावानं ते तिरगरसाहेब केलं. नदीकाठच्या पांढऱ्या गारगोटीच्या शिरेत त्याला एक करडा, चमकणारा, हाताला भलताच जड लागणारा दगड सापडला. शिशाचा दगड. साहेबानं तिथंच खोपट बांधलं, माणसं लावली, भट्टी पेटवली. शीर बोटभर रुंदीची निघाली, पण ती संपायचं नाव घेईना. आज संपेल, उद्या रुंदावेल, या आशेवर साहेब तिच्यामागं जमिनीत उतरत राहिला. विलायतेला परत गेला नाही. मराठी शिकला, शिव्यांसकट. शेवटी हिवतापानं गेला आणि गावानं त्याला लिंबाखाली मूठमाती दिली.

मागं राहिलं ते भगदाड, भट्टीच्या मळीची काळी टेकडी, आणि खोपटाखाली रचून ठेवलेल्या शिशाच्या विटा. पुढं एका पुरात काठ ढासळला तेव्हा त्या विटा उघड्या पडल्या आणि गावानं उचलून नेल्या. भोयांनी जाळ्यांना वजनं केली. कुणी दाराला अटकाव म्हणून ठेवली. लक्ष्मीआईच्या देवळापुढचा झेंड्याचा खांब शिसं ओतूनच दगडात बसवला. "साहेबानं दिलं" असं लोक कौतुकानं म्हणत.

मुबारकबी या गावची सून. माहेर बेलापूरचं, बाप जैनुद्दीन कल्हईवाला. पावलं टाकायला लागली तेव्हापासून ती भात्यापाशी. हाडापेरानं रुंद, आणि आवाज असा की अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या उसातला माणूस वळून बघायचा. नाटकात असती तर शेवटच्या रांगेला कान द्यावा लागला नसता. पण त्यांच्या धंद्यातली रीत अशी की भाता बाईचा, बोळा पुरुषाचा. बापाची आणखी एक रीत तिनं लहानपणापासून पाहिलेली. भांडं निवलं की जैनुद्दीन पांढऱ्या फडक्यानं ते आतून खसाखसा पुसायचा. फडकं पांढरं राहिलं तरच भांडं गिऱ्हाइकाच्या हातात. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर फडक्यावर काळं उतरतं, आणि जे फडक्यावर उतरतं ते कढीतही उतरतं, हे तो प्रत्येक बाजारात दहादा बोलून दाखवायचा.

मग लढाई आली. तोफांचा आवाज काही प्रवरेपर्यंत आला नाही. कथील मात्र बाजारातून नाहीसं झालं. कथील यायचं मलायातून, आणि मलाया जपान्यानं घेतला. बेलापूरचा दुकानदार रिकामे हात दाखवू लागला. दगडपिंपरीतली भांडी आतून लाल पडली. ताक कळकायला लागलं, कढीला हिरवट झाक यायला लागली, पोरं ओकायला लागली. बायका कादरच्या दारात येऊन बसत. "कादरभाई, काय बी करा, पर भांडं करून द्या." कादर स्वभावानं असा मऊ की दारातून कुणाला रिकामं पाठवायचं त्याच्या जिवावर यायचं.

एका सकाळी भट्टी पेटली तेव्हा मुबारकबीनं त्याच्या हातातली कांडी पाहिली आणि भाता थांबवला.

"ह्ये काय टाकताय?"

"कथील."

"कथील वाकवताना कुरकुरतं. ह्ये मुकं हाय. साहेबाची ईट हाय ही."

"अगं, निम्मं कथीलच हाय. निम्मं ते. लोकांची पोरं ओकत्यात, त्यापरीस बरं न्हाई का?"

"बाबा म्हनायचे—"

"तुझ्या बाबाचं कथील जपान्यानं अडवलं न्हवतं!"

तिला हसू आलं. आणि हसता हसता तिचा हात पुन्हा दांड्यावर गेला. भाता चालू झाला. भांडं सुरेख उजळलं, कथलापेक्षाही सुरेख. पुढच्या बाजारापर्यंत निम्म्याचं पाव झालं, आणि पुढं पुढं कथील नावालाच राहिलं. पांढरं फडकं मुबारकबीनं घडी घालून ट्रंकेत ठेवून दिलं.

वर्ष गेलं, दुसरं लागलं. शेजारच्या आक्काबाईची साळू ही पोर सगळ्यांत आधी आजारी पडली. अंगणात गजगे खेळणारी, मुबारकबीच्या भात्यावर लोंबकळून शिव्या खाणारी साळू. ती पोट धरून कोपऱ्यात बसू लागली. कळ आली की गुडघे छातीशी घेई. चेहरा मेणासारखा. शौचाला होईना, अन्न जाईना. उतारे झाले, अंगारे झाले. त्याच सुमारास कादरच्या उजव्या हाताचं काहीतरी बिनसलं. बोळा धरताना मनगट लटकं पडे. हात वर उचलला तर पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबे.

"करनी हाय कुनाची तरी," तो म्हणाला. मुबारकबीला मात्र झोप लागेना.

मिशनच्या दवाखान्यातली नर्स लिडियाबाई अधूनमधून गाडीनं गावात येई. आक्काबाईनं तिला हाताला धरून घरात आणलं. मुबारकबी साळूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. लिडियाबाईनं पोट चाचपलं, डोळे पाहिले, आणि मग बोटानं साळूचा ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, कुणी पेन्सिलीनं ओढावी तशी.

"ही रेघ मी नगरला पाहिली आहे," लिडियाबाई हळू आवाजात म्हणाली. "छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसाच्या हिरड्यांवर. आक्काबाई, घरात शिसं कुठं आहे?"

"शिसं? दाराला ईट हाय की साहेबाची. पर ती काय पोरगी चाटती व्हय, बाई?"

"पोटातूनच गेलंय. खाण्यापिण्यात कुठून येतंय ते शोधा. आधी ते थांबवा, तर पोर वाचेल. औषध त्याच्यानंतरचं."

मुबारकबीची नजर चुलीकडे गेली. चुलीवर चिंचेचं सार रटरटत होतं. भांडं चांदीसारखं लखलखत होतं. तिनं साळूचं डोकं उशीवर टेकवलं, उठली, मांडणीवरचं दुसरं पातेलं उचललं आणि खुंटीवरच्या पांढऱ्या धडप्यानं आतून पुसलं. धडप्यावर काजळाचं बोट फिरवावं तसा पट्टा उमटला.

"आक्का, सार वतून दे."

"का गं?"

"वत म्हनते ना. कल्हईत शिसं हाय. आमीच घातलंय."

आक्काबाईला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा ती उभीच राहिली. "तूच भाता मारीत हुतीस की गं. माझ्या दारात बसून, माझ्या पोरीदेखत. निघ! निघ माझ्या घरातनं!"

मुबारकबी निघाली. उंबऱ्याबाहेर जाऊन वळली आणि म्हणाली, "निघते. पर ते सार वत आधी."

घरी येऊन तिनं कादरला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. लटका हात डाव्या हातात धरलेला.

"कुनाला बोललीस?"

"आक्काला. आता गावाला बोलनार."

"येडी का काय तू? गावात ऱ्हायचंय का न्हाई आपल्याला?"

"आधी गाव ऱ्हायला पायजे. लक्ष्मीआईचा हंडा कशानं केलाय तुमी?"

कादरनं मान खाली घातली. चैत्रातली जत्रा आठवड्यावर आली होती. जत्रेच्या दिवशी देवीच्या तांब्याच्या थोरल्या हंड्यात आंबील होते. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबटढाण. रात्रभर त्याच हंड्यात मुरते आणि सकाळी सगळं गाव, तान्ह्या पोरांना बोटावर चाटवण्यापासून म्हाताऱ्यांपर्यंत, तीच पितं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची माणसंही ओगराळ्याखाली ओंजळ धरतात. तो हंडा कादरनं मागच्याच आठवड्यात, लटक्या हातानं कसाबसा, केला होता, आणि एवढ्या मोठ्या पोटाला कथील आणायचं कुठून? तो सबंध शिशाचाच होता.

"आंबील त्यात पडायची न्हाई," मुबारकबी म्हणाली. "माझ्या जिवात जीव हाय तवर तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी चावडीवर जत्रेची बैठक बसली. पाटील आप्पासाहेब तक्क्याला टेकलेले, शेजारी देवीचा गुरव राधाकृष्ण, समोर कारभारी आणि गावातली पाचपंचवीस माणसं. बाई चावडीची पायरी चढत नसे. मुबारकबी पायरीखालीच उभी राहिली. तिच्या आवाजाला पायरीची गरज नव्हती.

"आप्पासाहेब, देवीच्या हंड्यात आंबील करू नका. त्यात शिसं हाय. पोरं मरतील."

कारभारी खो खो हसला. कारभारी हे त्याचं नाव; गावचा बोलघेवडा, कुणाच्याही वाक्याला शेपूट लावायचा. "घ्या! कल्हईवालीच कल्हईला नावं ठिवायली. आता न्हावी म्हनंल वस्तरा वंगाळ हाय."

"हसा, कारभारीभाऊ. तुमच्या नातवाचा ओठ वर करून बघा आन मग हसा."

कारभारीचं हसू तिथंच थांबलं. घरी नातू दोन दिवस जेवला नव्हता.

आप्पासाहेब म्हणाले, "हे बघ, बाईमानसाच्या बोलन्यावर देवीचा हंडा बाद करायचा का? तुझ्या नवऱ्याला बोलाव. त्यानं केलाय, त्यो सांगंल."

बोलवायची गरज पडली नाही. कादर मागं येऊन उभा होता. कधी आला ते तिलाही कळलं नव्हतं. नेहमीच्या सवयीनं त्यानं पाटलांना रामराम करायला दोन्ही हात वर केले. डावा हात कपाळाशी गेला. उजवा उचलला गेला, पण पंजा मनगटातून खाली लोंबला आणि तसाच हलत राहिला. त्यानं तो जुळवायचा प्रयत्न केला. पुन्हा केला.

"व्हय, पाटील," कादर म्हणाला. "शिसंच हाय. साहेबाचं. मला वाटलं, भलं हुईल."

आप्पासाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कुणीतरी कादरला शिवी हासडली, कुणीतरी "हाकला दोघांना" म्हणालं. पण प्रश्न तिथंच होता, आणि तो राधाकृष्ण गुरवानं विचारला. "मग आंबील करायची कशात? लाल तांब्यात केली तर कळकंल. मडक्यात करावी तर गावाला पुरंल येवढं मडकं कुंभाराच्या आज्यानं घडवलं न्हाई. आन धा मडक्यांत केली, तर धा आंबिली झाल्या. देवीचा नेम हाय, सगळ्या गावानं एकच आंबील प्यायची."

खरी अडचण होती. या गावात जत्रेच्या आंबिलीत जातपात विरघळायची, ती आंबील एक असायची म्हणूनच. दहा मडकी झाली की कुणाचं मडकं कुणाच्या चुलीवरचं, हे सुरू झालं असतं. चावडी मुबारकबीकडे बघू लागली. कारण आता बोलायचं तिनंच, असं सगळ्यांनी मनातून मानलं होतं.

ती म्हणाली, "गुरवमहाराज, आंबील हंड्यानं एक हुती का इरजनानं?"

"म्हंजी?"

"धा मडकी असू द्या. इरजन एकच घाला. देवीच्या गाभाऱ्यात एका दुधाला इरजन लावा, त्येच ताक सगळ्या मडक्यांत वाटा. आई एक आसली तर लेकरं धा घरांत ऱ्हायली तरी भावंडंच की."

राधाकृष्णानं डोळे मिटले. ओठ हलले, देवीला विचारत होता की स्वतःला, सांगता येत नाही. मग त्यानं मान डोलावली. "हुतंय," तो म्हणाला.

त्या वर्षी आंबील मडक्यांत झाली. काही घरं रुसून आली नाहीत, पण जत्रा पार पडली. हंडा मुबारकबीनं नदीकाठावर नेला. भाता मारायला कादरचा डावा हात होता. बोळा तिच्या हातात. गावानं पहिल्यांदा बाईच्या हातात बोळा पाहिला. भांडं तापवायचं, शिसं वितळलं की जाड चिंध्यांनी पुसून काढायचं, मग वाळू घालून उभ्यानं पायांनी घासायचं. तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून तिनं ते केलं. संध्याकाळपर्यंत देवीचा हंडा आतून तांबडालाल झाला.

मग सुरू झाली दारोदारची फेरी. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि म्हणायची, "भांडी द्या. शिसं काढून देते. ताक, चिंच, कढी मडक्यात करा. तांब्यात निस्तं पानी ठिवा."

"चांदी नेती आन तांबं देती!" एक म्हातारी ओरडली.

"तांबंच हुतं, आजी. चांदी आमी रंगवली हुती. द्या हिकडं."

कुणी दार लावून घेतलं. कुणी अंगावर पाणी टाकलं. ती दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात. अंगावर पाणी टाकणाऱ्या बाईला ती म्हणाली, "आंघूळ झाली माझी. आता पातेलं दे." त्या बाईला हसू फुटलं आणि पातेलं बाहेर आलं. भोयांनी जाळ्याची वजनं द्यायला नकार दिला तेव्हा मात्र तिनं हट्ट केला नाही. "पान्यात हायत, पोटात जात न्हाईत. ऱ्हाऊ द्या."

आक्काबाई बरेच दिवस आली नाही. एका सकाळी आली, ती डोक्यावर भांड्यांची उतरंड घेऊन. भट्टीशी धाडकन उतरवली.

"साळू भाकर मागायली," ती म्हणाली.

मुबारकबीनं पाठमोरीच राहून डोळे पुसले. "धूर लई झालाय आज."

"भट्टी तर अजून पेटली न्हाई, बये," आक्काबाई म्हणाली आणि खाली बसून भात्याचा दांडा हातात घेतला.

पुसून काढलेलं शिसं आणि घराघरांतून गोळा केलेल्या विटा मुबारकबीनं साहेबाच्या भगदाडात परत टाकल्या. मग ती टोपलीनं दगड वाहू लागली. एकटी बाई आणि एवढं भगदाड. येणारेजाणारे थांबून बघत आणि पुढं जात. पावसाळ्याआधी एके दिवशी कारभारी आला, खांद्यावर पहार. नातू बरा झाला होता. "तुझ्यानं जलमभर भरायचं न्हाई ह्ये," तो म्हणाला. "साहेबाची जिद्द लई खोल गेलीया." त्याच्यामागून आणखी माणसं आली. भगदाड भरलं. लिंबाखालचं थडगं कुणी हलवलं नाही. बिचारा साहेब आपल्या शिरेशेजारी पडून राहिला.

घरात कादर बसून शिकवायचा. "बोळा दाबू नगंस. पान्यात भवरा फिरतो तसा फिरव." कथील नव्हतं, म्हणून ती कोरड्या भांड्यात कोरडा बोळा फिरवायची, पुन्हा पुन्हा, मनगट दुखेपर्यंत. कादरचा हात पुढं थोडा सुधारला. घास तोंडापर्यंत जाई, पण बोळ्याइतकी ताकद परत आली नाही.

लढाई संपली. पुढच्या हिवाळ्यात नगरच्या बाजारात कथील आलं. महाग, थोडं, पण खरं. मुबारकबी स्वतः जाऊन घेऊन आली. दुकानात कांडी कानाशी धरून वाकवली, ती कुरकुरली, तेव्हा कुठं गाठीला लावली.

चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं देवळापुढं भट्टी खणली आणि गावादेखत देवीच्या हंड्याला कल्हई केली. कादर बाजूला बसून एकटक बघत होता. सांगण्यासारखं काही चुकलंच नाही. सकाळी आंबील मुरली. गाव पंगतीला जमलं. पण ओगराळं हंड्यात उतरलं आणि सगळे थबकले. आया पोरांना पदराखाली ओढू लागल्या. आप्पासाहेबांनी राधाकृष्णाकडे पाहिलं, राधाकृष्णानं हंड्याकडे.

मुबारकबी पुढं झाली. गुरवाकडून वाटी भरून घेतली, तिथंच उभ्यानं प्यायली, दुसरी मागितली, तीही प्यायली. मग आक्काबाई उठली. साळूला बखोटीला धरून हंड्यापाशी आणलं आणि म्हणाली, "वाढा माझ्या पोरीला." साळू घटाघटा प्यायली, मिशी उमटवून हसली, आणि सगळी पंगत एकदम हलली. वाट्यांचा, ओगराळ्यांचा, "मला, मला" चा एकच गलका उठला.

उन्हं चढल्यावर आप्पासाहेब देवळाच्या पायरीवर उभे राहिले. हातात नारळ आणि हिरवंगार इरकली लुगडं. गावाच्या वतीनं मुबारकबीचा मान करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. चार शब्द बोलले, चांगले बोलले. डोळेही पाणावले त्यांचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुबारकबीनं डोईवरचा पदर सारखा केला, नारळ घेतला, कपाळाला लावला. लुगड्याला हात लावला नाही. आणि पलीकडच्या उसापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लुगडं मागाहून द्या, आप्पासाहेब. पाटलीनबाईंनी पाव्हन्यारावळ्यांसाठी माळ्यावर लपवून ठिवलेली चार पातेली अजून माझ्याकडं आली न्हाईत. ती उद्या सकाळच्याला पाठवा; मी भट्टी पेटवून ठिवते."